डेसिबलरावांचे दोन सूर

‘डेसिबलराव’ हे नाव काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. नगरपालिकेच्या ध्वनी-तक्रार विभागात ते हेडक्लार्क होते आणि एखाद्या आवाजाला नुसतं मोठा किंवा बारीक म्हणणं त्यांना अडाणीपणाचं वाटायचं. शेजारचा मिक्सर सुरू झाला की ते जेवता जेवता, मान वर न करता, ‘अडुसष्ट’ म्हणत. पाहुण्यांच्या बाळाने भोकाड पसरलं की त्याच्या आईकडे सहानुभूतीने पाहून ‘नव्वदीच्या घरात आहे, पण उतरेल’ असा धीर देत. सोसायटीने मग हे नाव दिलं आणि ते इतकं चिकटलं की लिफ्टजवळच्या नामफलकावरही कुणीतरी पेन्सिलीने तेच लिहून ठेवलं. फक्त बायको गाऊ लागली की ते आकडा सांगत नसत. चोवीस वर्षांच्या संसारात त्यांनी दिलेली ही सगळ्यात मोठी प्रेमाची कबुली होती, आणि ती बायकोच्या लक्षात आली असावी अशी त्यांची समजूत होती.

बायको खरोखरच सुरेख गायची. त्यामुळे सोसायटीच्या पंचविसाव्या वर्षाचा समारंभ ठरला तेव्हा गाणं बसवायला बोलावलेल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव लिहून घेतलं. गाणं दोघांचं होतं, एक बाई आणि एक पुरुष, आणि चाल मास्तरांनी स्वतः बांधलेली होती. पुरुष शोधण्यासाठी सोसायटीच्या हॉलमध्ये इमारतीतले सगळे होतकरू गृहस्थ रांगेने उभे राहिले. डेसिबलरावही राहिले. खालच्या सुरांत त्यांचं बरं चाललं होतं, मास्तरांनी मानही डोलावली. मग कडव्याच्या शेवटचा ‘दूर’ हा शब्द आला. तो वर चढून चार मात्रा तिथेच धरायचा होता. डेसिबलराव चढले आणि त्यांच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की मागे बसलेल्या एका बाईंनी उठून दार नीट लागलंय का ते पाहिलं. मास्तर सभ्य होते. ‘‘आवाज चांगला आहे तुमचा,’’ ते म्हणाले, ‘‘फक्त दोन सूर आधी संपतो.’’ त्यांच्यानंतर तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर उभे राहिले आणि चष्मा पुसता पुसता त्या ‘दूर’वर जाऊन आले.

डॉक्टर माणूस म्हणून सज्जन होते. सगळी अडचण तिथेच होती, कारण वाईट माणसाचा राग करायला काही कष्ट पडत नाहीत. तालमी डेसिबलरावांच्याच घरी, बैठकीच्या खोलीत होऊ लागल्या, कारण पेटी तिथे होती. आठवड्यातून तीन संध्याकाळी डॉक्टर आणि बायको पेटीशी बसत आणि डेसिबलराव चहा करत. मग ट्रे घेऊन ते स्वतःच्याच खोलीच्या दाराशी उभे राहत आणि कडवं संपायची वाट पाहत. चहावर साय धरायची. डॉक्टर उठून त्यांच्या हातातला ट्रे घेत, ‘अहो कशाला तसदी’ म्हणत, आणि खरंच मनापासून म्हणत. डेसिबलरावांना ते ऐकून पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावंसं वाटे. बायकोच्या शेजारी त्या सतरंजीवर आपण बसलेलं असायला हवं होतं, याखेरीज त्यांच्या मनात दुसरा विचार येईना.

एक दिवस ते गुपचूप मास्तरांच्या क्लासवर गेले आणि माणसाचा आवाज वाढवता येतो का असं विचारलं. येतो, मास्तर म्हणाले, नेमाने सराव केला तर येतो. अजून बारा आठवडे आहेत. दहाव्या आठवड्यात मला पुन्हा ऐकवा, सूर लागला तर बघू. सराव कसा करायचा तेही मास्तर सांगत होते, पण ‘नेमाने’ हा शब्द ऐकल्यावर डेसिबलरावांचं पुढच्या बोलण्याकडे लक्ष राहिलं नाही. नेम ही त्यांची हद्द होती. सव्वीस वर्षांत ते कचेरीत एकदाही उशिरा पोचले नव्हते. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं की फुप्फुसांसाठी रोज सकाळी थोडा श्वासाचा व्यायाम करायचं ठरवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहा वाजता फुप्फुसांचा व्यायाम बाथरूममध्ये सुरू झाला. बाथरूममध्ये कुणाचाही आवाज चांगलाच वाटतो, डेसिबलरावांना तर स्वतःचा आवाज ऐकून गहिवरून आलं. मात्र बाथरूमच्या खिडकीबाहेर हवेसाठी जो चौकोनी बोळ सोडलेला होता तो तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सरळ जात होता, हे त्यांनी विचारात घेतलं नव्हतं. इतरांच्या खिडक्यांबाहेरचे असे बोळ त्यांनी नोकरीत शंभर वेळा तपासले असतील. पण ते इतरांचे होते. साडेसहाला ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले तोवर सगळ्या इमारतीला ठाऊक झालं होतं की डेसिबलराव गाणं शिकताहेत, आणि सात वाजता पहिला सल्ला दारात उभा होता.

हा सल्ला वरच्या मजल्यावरच्या गार्डकाकांचा होता. गार्डकाका रेल्वेत गार्ड होते, उभा जन्म शिट्टी फुंकण्यात गेला, म्हणून श्वास या विषयात आपल्याला कुणी शिकवू नये असं त्यांचं म्हणणं होतं. आवाज पोटातून आला पाहिजे, ते म्हणाले, तुमचा नाकातून येतोय. जमिनीवर उताणं झोपा, पोटावर काहीतरी वजनदार ठेवा आणि मग गा. त्यानंतर कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने वाफ घ्यायला सांगितली, तळमजल्यावरच्या मावशींनी मध आणि आलं पाठवलं, आणि सेक्रेटरींनी सुचवलं की मोकळ्या हवेत, गच्चीवर सराव करावा. डेसिबलराव गच्चीवर गेले. तिसऱ्या दिवशी त्याच सेक्रेटरींनी कळवलं की गच्चीचा वैयक्तिक वापर करायचा तर अर्ज लागतो, तीन प्रतींत, आणि अर्जाच्या नमुन्यात ‘कपडे वाळवणे’ आणि ‘टाकी धुणे’ हे दोनच हेतू छापलेले आहेत. डेसिबलरावांना कागदाचा मान राखायची सवय. त्यांनी दोन्हींपुढे फुली मारून खाली ‘इतर’ असं लिहिलं. ‘इतर’ला मंजुरी देण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला होता आणि ती एप्रिलमध्ये भरायची होती.

म्हणून ते गार्डकाकांच्या उताण्या पद्धतीकडे वळले. पोटावर ठेवायला त्यांनी कपाटातून ‘ध्वनिनियमावली, खंड दुसरा’ काढला. तो घरातला सर्वांत जड ग्रंथ होता. बेडरूमच्या जमिनीवर ते आडवे झाले, खंड पोटावर ठेवला आणि आ लावला. श्वास घेतला की खंड वर जाई, सोडला की खाली येई. लेकीने दारातून डोकावून पाहिलं आणि काही न विचारता दार लोटून घेतलं. पाच-सहा दिवस हे चाललं. सातव्या दिवशी डेसिबलरावांनी सगळा जीव एकवटून वरच्या सुराला हात घालायचा प्रयत्न केला, पोटाला असा काही हिसका बसला की खंड उडून थेट त्यांच्या हनुवटीवर आला आणि खालच्या दाताचा एक टवका निघाला.

दातांचे डॉक्टर इमारतीत एकच होते. डेसिबलराव दुपारपर्यंत गाल धरून बसले, दुसऱ्या मोहल्ल्यात कुणी दातवाला मिळतो का पाहून आले, आणि शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खुर्चीत जाऊन आडवे झाले. डॉक्टरांनी कसं लागलं ते विचारलं. ‘पुस्तकाने’ असं डेसिबलरावांनी सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. ‘‘मोठा आ करा,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘आणखी मोठा. वा, आता अगदी छान आ झाला.’’ मग ड्रिल सुरू झालं. डॉक्टरांना काम करताना गुणगुणायची सवय होती. त्यांनी तेच गाणं सुरू केलं, पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि डेसिबलराव तोंडात दोन नळ्या आणि चार बोटं घेऊन छताकडे पाहत असताना ड्रिलच्या घरघरीच्या वर अलगद ‘दूर’ लावला, चार मात्रा धरला आणि खाली उतरले. डेसिबलरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी लगेच हात थांबवून दुखतंय का म्हणून विचारलं. डेसिबलरावांनी मान हलवून नाही म्हणून सांगितलं.

त्या दिवसानंतर त्यांनी युक्त्या सोडल्या आणि सरळ जोर लावला. रोज सव्वासहा ते सात, बाथरूममध्ये, दार-खिडकी बंद करून आणि फटींत टॉवेल कोंबून, ते त्या दोन सुरांवर चालून जात. जोराने न उघडणारं दार आणखी जोराने ढकललं तर उघडतंच, असं त्यांचं साधं तर्कशास्त्र होतं. चौथ्या आठवड्याअखेर त्यांचा आवाज वर तर गेला नाहीच, उलट खालचेही तीन सूर गळाले. बोलताना घशातून खरखर येऊ लागली. कचेरीत फोनवर लोक त्यांना ‘बाई’ म्हणू लागले आणि काही जण ‘बाळ, तिथे मोठं कुणी आहे का’ असंही विचारू लागले.

आता त्यांच्या कचेरीतली एक पद्धत सांगायला हवी. ध्वनी-तक्रारीचा कागद तिथे घडी घालून येत असे. वरच्या अर्ध्यात तक्रार, खालच्या अर्ध्यात ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा पत्ता, आणि तो अर्धा भाग टाचणीने बंद. तक्रारदाराचं नाव वेगळ्या पाकिटात, ते सुनावणीच्या दिवशीच फोडायचं. हेडक्लार्कने आधी तक्रार वाचायची, लाल शाईने शेरा लिहायचा, आणि मगच टाचणी काढायची. म्हणजे ओळखीच्या माणसाला सूट नाही आणि अनोळखी माणसावर अन्याय नाही. ही सुधारणा तीन वर्षांपूर्वी खुद्द डेसिबलरावांनी सुचवली होती आणि मोठ्या साहेबांनी तिच्याबद्दल दिलेलं प्रशस्तिपत्र त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होतं.

पाचव्या आठवड्याच्या सोमवारी टायपिस्टबाईंनी त्यांच्यापुढे असाच एक कागद ठेवला. तक्रार नीटस टाइप केलेली होती. रोज सकाळी पाऊण तास एका घरातून भयंकर ओरडण्याचा आवाज येतो, कुणाला तरी कोंडून ठेवल्यासारखं वाटतं, मन थाऱ्यावर राहत नाही, वगैरे. डेसिबलरावांचा जीव कळवळला. जगात अशी माणसं असतात, त्यांनी टायपिस्टबाईंना खरखरत्या आवाजात सांगितलं, शेजाऱ्यांचा विचार म्हणून नाही. लाल पेन उघडून त्यांनी त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत कडक शेरा लिहिला. ‘सदर आवाज मानवी असल्याबाबत प्रथमदर्शनी शंका वाटते. संबंधित इसमास कोणतीही सवलत देऊ नये. नोटीस तातडीने बजावावी.’ खाली सही केली, तारीख घातली आणि टाचणी काढली.

पत्ता त्यांच्याच घराचा होता. मग त्यांनी टायपिस्टबाईंना विचारलं की लाल शाईतला शेरा समजा बदलायचा झाला तर काय करतात. बाईंनी कागद हातात घेऊन वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. त्या म्हणाल्या, साहेब, तुमच्याच परिपत्रकात आहे, शेरा सुनावणीशिवाय बदलता येत नाही. मोठ्या साहेबांकडे गेल्यावर त्यांनी ऐकून घेतलं, हसू दाबण्यासाठी खिडकीबाहेर पाहिलं आणि सांगितलं की सुनावणीला तुमच्या जागी दुसऱ्याला बसवायची तरतूद नाही. तेव्हा डेसिबलरावांनी स्वतःच्या नावे नोटीस काढली, स्वतःच सही केली आणि ती टपालात टाकली. बुधवारी ते घरी आले तेव्हा नोटीस जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली होती. पोच बायकोने दिली होती. ‘‘तुमचं काहीतरी सरकारी आलंय,’’ एवढंच ती म्हणाली आणि ताटं घेऊ लागली.

नियमाप्रमाणे सुनावणीआधी जागेवर मोजणी व्हायला हवी. टायपिस्टबाई यंत्र घेऊन सकाळी सहा वाजता आल्या आणि जिन्यात उभ्या राहिल्या. डेसिबलराव आत गेले आणि रोजच्यासारखं गायला सुरुवात केली, कारण मुद्दाम हळू गाणं ही पुराव्यात ढवळाढवळ झाली असती. जिन्यातली दारं एकेक करून उघडली. गार्डकाका खाली येऊन यंत्राचा काटा पाहू लागले आणि तो चढला की ‘अजून पोटातून नाही’ असा शेरा मारू लागले. आकडा अठ्ठ्याहत्तर आला. डेसिबलराव बाहेर आले, स्वतःच्या आकड्याखाली सही केली आणि जमलेल्या मंडळींच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. यांच्यातलाच कुणीतरी तक्रारदार होता. पुढचे आठ दिवस त्यांनी गार्डकाकांनी मागितलेली शिडी दिली नाही, सेक्रेटरींशी लिफ्टमध्ये बोलले नाहीत, आणि मावशींचा मधाचा डबा धुऊन परत केला.

सुनावणीच्या खोलीत एक टेबल, अलीकडे अधिकाऱ्याची खुर्ची आणि पलीकडे दोन साध्या खुर्च्या. अकराच्या ठोक्याला डेसिबलराव अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसले. ‘‘जाबदार हजर आहेत का?’’ त्यांनी विचारलं. मग उठले, टेबलाला वळसा घालून साध्या खुर्चीत बसले आणि ‘‘हजर’’ म्हणाले. पुन्हा वळसा घालून इकडे आले. नोटीस मिळाली का, असं विचारून पुन्हा पलीकडे गेले. अशा चार खेपा झाल्या तेव्हा त्यांना दम लागला होता. टायपिस्टबाई सगळं टिपून घेत होत्या. मग डेसिबलरावांनी पाकीट फोडलं, आतलं नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि उठून दार उघडलं.

बाहेर बाकावर बायको बसली होती. खांद्याला पर्स, हातात घडी घातलेली छत्री. ती आत आली, दुसरी साधी खुर्ची ओढली आणि बसली.

‘‘तू?’’ डेसिबलराव म्हणाले. ‘‘अगं, घरी सांगायचंस की मला.’’

‘‘चार वेळा सांगितलं. चारही वेळा तुम्ही म्हणालात, लेखी दे.’’

डेसिबलरावांना आठवलं. पहिल्यांदा ते दाढी करत होते, दुसऱ्यांदा गुळण्या. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी त्यांनी ऐकलंही नसावं, नुसती जीभ आपोआप वळली असावी. घरातल्या कुठल्याही कुरकुरीला त्यांचं ते ठरलेलं उत्तर होतं आणि आजवर कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. मग त्यांनी सरकारी भाषेचा आसरा घेतला आणि तक्रारदारांची मागणी काय आहे असं विचारलं.

‘‘गाणं बंद करा असं माझं म्हणणं नाही,’’ बायको म्हणाली. ‘‘ओरडणं बंद करा. गेल्या महिन्यात मी बाहेरून फोन केला होता. तुम्ही उचललात, हॅलो म्हणालात, आणि मला वाटलं चुकीचा नंबर लागला. मी फोन ठेवून दिला. मग कळलं, तुम्हीच होतात.’’ तिने छत्री मांडीवर घेतली. ‘‘चोवीस वर्षांत पहिल्यांदा मला तुमचा आवाज ओळखू आला नाही. मला भीती वाटली हो. फुप्फुसांसाठी कुणी गळा मोडून घेतं का?’’

डेसिबलराव अधिकाऱ्याच्या खुर्चीतून उठले. टेबलाला पाचव्यांदा वळसा घालून ते तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

‘‘फुप्फुसांसाठी नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मला तुझ्याबरोबर गायचंय. आपल्याच घरात मी चहा करतो आणि तू दुसऱ्याबरोबर गातेस, ते मला बघवत नाही. डॉक्टर चांगले आहेत. तरी नाही बघवत.’’

खोलीत शांतता झाली. डेसिबलरावांना वाटलं, ही नक्कीच तिसाच्या खाली असेल, पण त्यांनी आकडा सांगितला नाही.

‘‘साहेब,’’ टायपिस्टबाईंनी हळूच विचारलं, ‘‘हे नोंदवायचं का?’’

‘‘नोंदवा,’’ बायको म्हणाली.

तडजोड तिथल्या तिथे लिहून झाली आणि तिच्या सगळ्या अटी बायकोने घातल्या. आठ दिवस गळ्याला पूर्ण विश्रांती, बोलणंसुद्धा कामापुरतंच. त्यानंतर रोज सकाळी पंधरा मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नाही. बाथरूम वर्ज्य. आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जाता कामा नये. जो सूर सहज लागत नाही त्याच्या मागे लागायचं नाही. आणि सराव तक्रारदाराच्या देखरेखीखाली होईल. डेसिबलरावांनी दोन्ही ठिकाणी सह्या केल्या. गार्डकाकांना नाकारलेली शिडी त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः वर नेऊन पोचवली.

हळू गाणं हे ओरडण्याहून कितीतरी अवघड आहे, हे डेसिबलरावांना पन्नाशीला आल्यावर कळलं. बायको त्यांना तोंड मिटून गुणगुणायला लावी. मग ओठ सैल सोडून, घोडा फुरफुरतो तसे फुरफुरवत खालून वर आणि वरून खाली न्यायला लावी. याने समोरचं वर्तमानपत्र ओलं होई आणि लेक आतून विचारी, बाबा, स्कूटर सुरू होत नाहीये का. डेसिबलरावांची प्रतिष्ठा अशी रोज सकाळी पंधरा मिनिटं स्वयंपाकघराच्या जमिनीवर पडलेली असे. पण घशातली खरखर गेली. गळालेले तीन सूर एकेक करून परत आले. नववा आठवडा संपता संपता एका सकाळी ते पिंपातलं पाणी बाटल्यांत भरता भरता गुणगुणत होते. चारी बाटल्या भरून झाल्या तेव्हा बाहेरच्या खोलीतून बायकोने पेटीवर एक सूर दाबून धरला.

‘‘आत्ता कुठे जाऊन आलात, कळलं का?’’ तिने विचारलं. ‘‘दोनदा गेलात.’’

डेसिबलरावांनी बाटली खाली ठेवली. मग लगेच मुद्दाम लावायला गेले आणि अर्थातच लागला नाही.

दहाव्या आठवड्यात मास्तरांसमोर मात्र लागला. बारीक होता, कडेला थोडा थरथरत होता, पण होता जागच्या जागी. मास्तर खूश झाले आणि लगेच अडचणीतही पडले, कारण डॉक्टर समोरच बसलेले होते आणि त्यांचा सूर अजूनही चष्मा पुसता पुसता लागत होता. डेसिबलराव मान खाली घालून निकालाची वाट पाहू लागले. तेवढ्यात डॉक्टरच उठले आणि त्यांनी डेसिबलरावांचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांना महिनाभर झोप नव्हती, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी आपल्यासमोर तोंड उघडायचं, याची त्यांना सवय होती. आपण दोनशे लोकांसमोर तोंड उघडायचं, या विचाराने त्यांना घाम फुटत होता, पण नाही म्हणायचा धीर होत नव्हता. ज्या माणसाला हरवण्यासाठी आपण दाताचा टवका उडवून घेतला तो इतके दिवस हरायला तयार बसला होता, हे ऐकून डेसिबलरावांना काय वाटावं तेच कळेना. पुढचा चहा डॉक्टरांनी केला आणि तो फार चांगला झाला.

समारंभाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. बायको आणि डेसिबलराव शेजारी शेजारी उभे राहिले, पेटीवर मास्तर. पहिली ओळ तिने घेतली, दुसरी त्यांनी. डेसिबलरावांचा आवाज कापत नव्हता. कडवं आलं. ‘दूर’ आला. डेसिबलराव चढले आणि तो सूर त्यांना लागला, मास्तरांसमोर लागला होता त्याहून गोल, त्याहून भरलेला. त्यांनी चार मात्रा धरला. तालमीत चार मात्रांनंतर ते पायरी पायरीने खाली उतरत आणि खाली थांबलेल्या बायकोच्या सुरात आपला सूर मिसळून दोघं मिळून ओळ संपवत. ते सगळं त्यांना पाठ होतं. पण वर इतकं बरं वाटत होतं की त्यांना उतरवेना. सहा मात्रा झाल्या, आठ झाल्या. मास्तरांची पेटी खाली उतरली, खाली कुणी नाही म्हणून त्यांना न्यायला परत वर आली, पुन्हा खाली गेली. बारा मात्रांनी श्वास संपला. सूर थांबला आणि त्याबरोबर पुढचे शब्दही गेले. डेसिबलराव बायकोकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘पुढे काय गं?’’

माइक चांगला होता, शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. हॉल हसून हसून लोटपोट झाला. बायकोने एकटीने त्यांची ओळ घेतली, तिची घेतली, आणि गाणं सुखरूप तीरावर नेलं. टाळ्या खूप पडल्या. उभं राहून सगळ्यांत आधी टाळ्या वाजवणारे दातांचे डॉक्टर होते, आणि गार्डकाका शेजारच्यांना सांगत होते की आता पोटातून आला.

दोघं घरी आली. पेटी जागेवर ठेवून झाली, चपला काढून झाल्या, तेव्हा डेसिबलरावांना राहवेना. चुकलं, ते म्हणाले, फार चुकलं, पण सूर तर लागला ना?

‘‘लागला,’’ ती म्हणाली. ‘‘इतका छान लागेल असं मला वाटलं नव्हतं. पण तुम्ही एकटेच वर राहिलात. मी खाली थांबले होते.’’

डेसिबलराव रात्रभर या वाक्याचा विचार करणार होते, पण दमल्यामुळे पाचव्या मिनिटाला झोपले. सकाळी सहाला उठून ते नेहमीसारखे वर्तमानपत्र बाजूला सरकवून बसले आणि ओठ सैल सोडले. समारंभ तर झाला होता. आता कुणी त्यांना गायला बोलावणार नव्हतं, आणि कालच्यानंतर तर नक्कीच नव्हतं. तरी बायको पेटी घेऊन समोर येऊन बसली. ते खालच्या सुरापासून सुरू करणार तेवढ्यात तिने हाताने थांबवलं.

‘‘आज वरून सुरू करा,’’ ती म्हणाली. ‘‘सावकाश खाली या. मी आहे खाली.’’